एकेचाळीस हात

टेंभुर्णीत दर बुधवारी दुपारी उषाबाईंच्या ओसरीवर प्रार्थना भरायची. टाळ-खंजिरीवर दोन भजनं, मग दुखण्याखुपण्यासाठी मागणं, मग चहा. येणाऱ्या बाया देवळातही जायच्या, दर्ग्यालाही नवस बोलायच्या. राजानंद मास्तरांनी कधी कुणाला हटकलं नाही. पंधरा वर्षं ते इथं प्रभूचं वचन सांगत होते आणि गावात त्यांचं कुणाशी वाकडं आलं नव्हतं, ते या स्वभावामुळंच.

मग त्यांच्या कामाला पैशाचा हातभार लावणाऱ्या परदेशातल्या ख्रिस्ती मंडळीकडून तीन पाहुणे आले. माणसं चांगली होती, उगाच खोटं कशाला बोला. मांडी घालून बसली, ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं तरी भाकरी खाली ठेवली नाही. गोरे पाहुणे बघायला त्या दिवशी अंगण भरलं होतं. शेवटी थोरल्या पाहुण्यानं विचारलं, "आज कुणी कुणी येशूला आपला प्रभू मानलं? हात वर करा." मास्तरांनी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं, आणि अंगणातल्या एकूण एक माणसाचा हात वर गेला. पाहुण्यानं मोजले. एकेचाळीस.

मास्तर आपली माणसं ओळखून होते. ठराव न ऐकताच ग्रामसभेत हात वर करणारी ही माणसं. त्यातून पाहुणा दारात येऊन काही मागतोय म्हटल्यावर त्याचा शब्द खाली कोण पडू देईल? पाहुण्यांना हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण थोरल्या पाहुण्याचे डोळे भरून आले होते, आणि मास्तरांची जीभ नेमकी तेव्हाच टाळूला चिकटली. फोटो निघाला. पुढच्याच रांगेत उषाबाई, डोक्यावर पदर, हात वर.

आठ दिवसांत तो फोटो गावातल्या मोबाइलांवर आला. खाली पाहुण्यांनी लिहिलेलं होतं, 'टेंभुर्णीत एकेचाळीस जणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.' इतरांचं कुजबुजीवर भागलं. उषाबाईंवर मात्र आभाळ कोसळलं. नवऱ्यामागं एकटीनं खटपट करून त्यांनी दैवशालाचं, आपल्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न केदारखेड्यात जमवलं होतं. पत्रिका छापायच्या बाकी होत्या. तेवढ्यात मुलाचे वडील धर्मराज यांचा निरोप आला, "तूर्त थांबा." या 'तूर्त'चा अर्थ दैवशालाला कुणी समजावून सांगावा लागला नाही. पोरीनं अन्नपाणी सोडलं.

मास्तरांना राहवेना. कुणाला न विचारता, न सांगता त्यांनी गाडीला किक मारली आणि केदारखेडा गाठलं.

धर्मराज अंगणात बाजेवर बसले होते. मास्तर उभ्यानंच म्हणाले, "दादा, उषाबाईंनी धर्म बदलला न्हाई. पाहुण्याचा मान ठेवला, बस."

"मंग तुमच्या लोकांनी खोटं छापलं?"

"हो. अन् मी बोललो न्हाई. चूक माझी."

"असं तोंडी न्हाई चालायचं, मास्तर. भावकी मला जाब विचारून राह्यली. मोबाइलमधी बोला. बराबर नाव घेऊन बोला."

हा व्हिडिओ पाहुण्यांपर्यंत पोचणार, आणि मग आपलं काम बंद, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. करावं तसं भरावं, असं म्हणून ते मोबाइलसमोर उभे राहिले. "उषाबाईंनी येशूला मानून हात वर केला न्हाई. त्यांच्या मनात तसलं बिलकुल काही नव्हतं."

धर्मराजांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "पत्रिका छापा म्हणावं," ते म्हणाले, आणि चहा सांगितला.

परतताना मास्तरांना फार दिवसांनी हलकं वाटलं. काम गेलं तर गेलं, एक घर तर वाचलं. ते टेंभुर्णीत पोचले तोवर व्हिडिओ त्यांच्या आधी येऊन बसला होता. दैवशाला हसत बाहेर आली, पाया पडली आणि चहा ठेवायला आत पळाली.

उषाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"लेकराचं घर वाचवलं तुमी. उपकार झाले, मास्तर."

"उपकार कसले, मावशी."

"पन जायच्या आधी मला एकदा इचारायचं."

"काय विचारायचं होतं?"

उषाबाईंनी आतल्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाकीच्यांचं मला ठाव न्हाई. त्यांनी मान ठेवला असंल. मी मनातून हात वर केल्ता."

मास्तर ओसरीच्या कडेला टेकले.

"दैवशालाचे बाप गेले तवापासून धरून राह्यले होते मनात. लगीन झाल्यावर तुमाला सांगनारच होते. तुमी सगळ्या मुलखाला सांगून आले, हिच्या मनात काहीच न्हाई म्हनून."

पंधरा वर्षं मास्तर या एका शब्दासाठी गावोगाव हिंडले होते. आज तो त्यांच्या पुढ्यात होता आणि त्यांना तो झेलता येत नव्हता. आपण या बाईला पाहुण्यांइतकंही ओळखलं नाही, ही लाज त्यांना जाळत गेली.

"मी परत जातो, खरं सांगतो," ते कसंबसं म्हणाले.

"न्हाई. पोरीचं मोडंल." उषाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "आता मला जल्मात हे तोंडातून काढता येनार न्हाई. अन् बुधवारचं बंद करा. तुमी आले की मला रडू यील, अन् लोक इचारतील का रडती म्हनून."

आतून दैवशालानं विचारलं, "मास्तर, साखर किती?"

मास्तर उठले. निघताना त्या घरासाठी प्रार्थना करायचा त्यांचा नेम होता. त्यांनी डोळे मिटले, पण कुठल्या तोंडानं मागावं ते कळेना, आणि ते तसेच पायऱ्या उतरले.