सोळा प्रोसेसर आणि एक पाटी

मित्रांनो, माझ्या पोटात सोळा प्रोसेसर आहेत आणि सोळाही म्हातारे. कुंभकोणमच्या एका कॉलेजात मी वर्षानुवर्षं हवामानाची गणितं सोडवली. पाहुणे आले की आधी मला दाखवत. पुढे नवी यंत्रं आली नि मी जिन्याखाली धूळ खात पडलो. तिथून सौंदर्याने मला घरी आणलं.

तिचे वडील अप्पाजी. घरात तंजावरी मराठी बोलणारी ही माणसं, पण अप्पाजींचा जन्म जवळच्या स्वामीमलै गावात मूर्ती ओतण्यात गेला. आता त्यांचे हात कापतात. आठ महिने खपून त्यांनी मेणाचा विठोबा घडवला, तो शेवटचाच. त्यावर मातीचा साचा चढला होता. दुपारी बाराला तो स्वामीमलैच्या कारखान्यातल्या भट्टीत जायचा, मेण वितळून वाहून जायचं आणि त्या पोकळीत पंचलोह, म्हणजे पाच धातूंचा रस ओतायचा. कमरेवरच्या हाताचं कोपर भरण्याआधीच धातू थिजला तर मूर्ती थोटी व्हायची, आणि मेण तर गेलेलंच. दुसरा विठोबा आता त्यांच्या हातून होणार नव्हता.

कोपर भरेल का, हे मी सांगायचं होतं. वेळ थोडा, म्हणून सौंदर्याने सोपी पद्धत निवडली. आकडे मांडायला सोळा जणांना मिळून एकच सामाईक पाटी. आम्ही कामावर तुटून पडलो आणि तिथेच घोळ झाला. कोपराच्या एकाच चौकटीतला उष्णतेचा आकडा दोघांनी एकदमच वाचला, दोघांनी त्यातून आपापली घट वजा केली, नि दुसऱ्याने पहिल्याचं लिहिलेलं पुसून टाकलं. एक घट हरवली, म्हणून धातू होता त्याहून गरम दिसला. मला सगळं दिसत होतं, पण विचारल्याशिवाय बोलायची मला सोय नाही. पडद्यावर उमटलं, कोपर भरेल.

“भरतंय अप्पा, जावा तुम्ही.”

अप्पाजी कारखान्याची बस पकडायला चपला घालून दारात उभे होते. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, बाहेर नुसता पंखा घरघरत होता.

ते वळले. “एकदांच तोललेल्या मेणावर मी कधीं धातू ओतलोय कां गे? पुन्हां विचार त्याला.” मेणाच्या वजनावर धातू ठरतो, म्हणून त्यांच्याकडे मेण दोनदा तोलायची रीत.

तिने पुन्हा विचारलं. भरणार नाही. तिसऱ्यांदा विचारलं, तर भरेल! सौंदर्याचा चेहरा उतरला.

“एकाच पाटीवर अस्के सोळा जण लिहितायत, अप्पा. थांबा.”

तिने प्रत्येकाला साच्याचा आपापला तुकडा दिला, स्वतंत्र वही दिली. शेजाऱ्याला फक्त कडेचे आकडे निरोपाने कळवायचे. निरोपाची वाट पाहण्यात काम रेंगाळलं. अप्पाजींनी तीन बस सोडल्या. पण आता दोनदा विचारलं तरी उत्तर एकच आलं, कोपर थिजेल.

दोघं स्कूटरवरून सुसाट कारखान्यात गेली. कोपरावरची माती खरवडून अप्पाजींनी धातूला आणखी एक वाट करून दिली.

चार दिवसांनी साचा फोडला. कोपर अखंड होतं. त्यावरून अंगठा फिरवताना अप्पाजींना रडू आवरेना. घरी येऊन सौंदर्याने माझं कौतुक केलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पहिल्या खोट्या उत्तराच्या वेळी माझं एकही अक्षर अडखळलं नव्हतं. मित्रांनो, आम्हाला जपाच, पण आमचं पहिलं उत्तर घेऊन लगेच बस पकडू नका.