जे थांबले त्यांचं काय

सफरचंदावरचा तो एवढासा चकचकीत स्टिकर, परदेशी अक्षरांचा, प्रबंधाच्या एकशे बाराव्या पानाला कधी चिकटला, उज्माला कळलंच नव्हतं. नखानं काढायला जावं तर कागद सोलवटेल... राहू दे. आष्टीच्या स्टँडसमोर अब्बांच्या या फळांच्या गाड्याशेजारी बसूनच तर निम्मा प्रबंध लिहिला. दुपारी विद्यापीठात तोंडी परीक्षा, बस आठची.

पान नेमकं तेच होतं. परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या शेअर बाजारातून एकदम पैसा काढून घेतला, त्या महिन्यांचं. परीक्षकांनी अहवालात विचारलं होतं, ते गेले तरी बाजार कोसळला कसा नाही? इथल्या लोकांनी थोडी थोडी खरेदी चालू ठेवली, हे उत्तर तिच्याकडे होतं, कोष्टकासकट. पण का चालू ठेवली, असं कुणी पुढं विचारलं तर... प्रबंधात त्यापुढं 'विश्वास' एवढंच होतं, आणि पंधरा दिवस ते तिलाच पटत नव्हतं.

"अब्बा, मागल्या साली सीताफळाचे बाहेरचे व्यापारी एका दिवसात निघून गेलते. कावून?"

अब्बांनी, हैदरनं, पपई पुसता पुसता वर पाहिलं. "एकाला फोन आला, तो निघाला. त्याला बघून दुसरा. फळ तर लई गोड होतं, बेटा. फळाकडं कुणी बघितलंच न्हाई."

"भाव पडला, तरी तुमी घेत राहिलात. भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की! पण मी जाणार कुठं? सकाळी गिऱ्हाईक हितंच येणार हाय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर तो खदखदून हसला.

उज्माही हसली—आधी त्याच्या हसण्याला, मग स्वतःला... चार वर्षं मी थांबणाऱ्यांपुढं 'विश्वास' असं लिहीत आले, आणि त्यांच्यात जायला दुसरी जागाच नसलेले किती, भिऊनही थांबलेले किती, हे बघितलंच नाही—बाजार त्यांच्या जिवावर उभा, तर ही ताकद म्हणायची की नाइलाज? माहीत नाही... माहीत नाही! इतकं हलकं वाटतं हे म्हणताना?

बस लागली. हैदरनं तिच्या पिशवीत दोन मोसंबी कोंबली. "सायबांनी अवघड विचारलं तर?"

"विचारू द्या की, अब्बा."

खिडकीबाहेर ज्वारीची रानं मागं पळू लागली. त्यांनी नेमकं तेच विचारावं, असं तिला वाटत होतं. आणि नाहीच विचारलं तर... तर मीच विषय काढीन. दुपार उगाचच फार लांब वाटत होती.