तीन टोल्यांची हाक

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची घंटा आहे, बरिंडा स्टेशनावरची! जाऊ नका, माझी गोष्ट ऐकाच.

मला भट्टीत ओतलं, घासूनपुसून लखलखीत केलं आणि स्टेशनातल्या चहाच्या खोलीच्या दाराशी टांगलं. सिडनीची मेल जेमतेम थांबायची, आणि माणसं चहासाठी अशी धावायची की बस्स! एक टोला म्हणजे गाडी आली. दोन म्हणजे कप ठेवा, पळा. आणि तीन? तीन म्हणजे गर्दी आवरत नाही, मदतीला माणसं हवीत! मग मुख्य रस्त्यावरचे सगळे दुकानदार दुकानं उघडी टाकून यायचे. खाटीक थाळ्या उचलायचा, न्हावी कप विसळायचा. गावाची रीतच होती ती. लोक माझं कौतुक करायचे आणि मी अशी फुगायचे ना!

पण गाड्या बंद झाल्या. हमरस्ता गावाबाहेरून गेला. उतारूच नाहीत, तर गिऱ्हाईक कुठून येणार? एकेका दुकानाला फळ्या ठोकल्या. माझ्या पोटात पाकोळीने घरटं केलं. चहावाली मर्लबाई तेवढी मला पुसायला यायची.

मग नगरपालिकेत बोलणं सुरू झालं, स्टेशन पाडा, मोटारी लावायला जागा करा! मी तर हबकलेच. जागा बघायला नगरसेवक हार्टिगन आला.

मर्लबाई त्याला म्हणाली, "पाडू नका, आम्हाला द्या. चहा सुरू करू, बाजार भरवू. इथे माणसं आली की रस्ताही जागा होईल."

"बाई, येणार कोण? भुतं?" तो हसला. "ही घंटा बडवली तरी कुत्रं फिरकायचं नाही. बघा!"

आणि त्याने दोरी ओढली. ठण! ठण! ठण!

घसा गंजलेला, पण जीव खाऊन ओरडले मी!

आधी काहीच नाही. हार्टिगनने हात झटकले. तेवढ्यात समोरच्या कॅफेचं दार आपटलं. म्हातारा स्पिरो ॲप्रन बांधतच धावत आला. "अगं मर्ल, किती जण आहेत? दूध आणू?"

मागून न्हावी. मग काठी टेकत म्हातारा खाटीक. "थाळ्या कुठे ठेवल्यास? दर वेळी जागा बदलतेस!" आणि त्यांच्यामागे नातवंडं, ज्यांनी इथे गाडी कधी पाहिलीच नव्हती!

मर्लबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "गाडी नाही रे. एकटा हार्टिगन आहे."

"मग त्यालाच पाज आधी," स्पिरो म्हणाला, "तोंड बघ कसं उतरलंय!"

हार्टिगन बाकावर बसून चहा प्यायला. लोक येतच होते. कप रिकामा झाला तसा तो उठला आणि, मित्रांनो, स्वतःच विसळायला घेऊन गेला!

स्टेशन वाचलं. आता शनिवारी इथे बाजार भरतो, ताज्या पावाचा वास रस्ताभर जातो. समोरच्या दोन दुकानांच्या फळ्या निघाल्यात. गाडी मात्र अजून येत नाही. मी रुळांकडे कान लावून असते.

तुमच्याही गावात एखादं बंद स्टेशन असेल. ते पाडण्याआधी त्याची घंटा एकदा वाजवून बघा ना. ऐकणारे अजून असतात!