खळ शिजेपर्यंतची प्रार्थना

आमच्या लाँड्रीत घड्याळ नव्हतं असं नाही, पण ते भिंतीवर शोभेपुरतं. कपडे कडक करायची खळ आई शिजवायची ती प्रार्थनेवर. पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पातेल्यात ओतलं की बाह्या कोपरापर्यंत सारून ती पळी फिरवायला लागायची. एकीकडे प्रार्थना सुरू. मी आणि माझा भाऊ शेजारी उभे राहून तिच्यामागून म्हणायचो. प्रार्थना दोनदा झाली की खळ तयार. घाईने म्हटली तर गुठळ्या आणि रेंगाळत म्हटली तर करपलीच म्हणून समजा. मग आई देवाला काही बोलायची नाही, आम्हाला मात्र धारेवर धरायची.

आई गेल्यापासून लाँड्री मीच चालवते, पण तेव्हाची ती मागची खोली अजून डोळ्यांपुढे येते. वाफेने धुरकटलेली काच, दोरीवर टांगलेले दुसऱ्यांचे शर्ट, ओल्या कापडावर इस्त्री फिरताना येणारा तो वास. प्रार्थनाघरातल्या चादरीही आमच्याकडेच यायच्या. त्यांना आई जरा जास्त कडक खळ द्यायची आणि म्हणायची, "देवाच्या घरी चुरगळलेलं जायला नको, नाहीतर तो आपल्याला नावं ठेवेल."

आता हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे माझी सून.

ही पोर वसतिगृहात वाढलेली. आईवडील लहानपणीच गेले, धर्म म्हणून काही वाट्याला आलाच नाही. लग्न होऊन आमच्याकडे आली आणि काही महिन्यांनी एका संध्याकाळी म्हणाली, "आई, मला तुमच्या प्रार्थनाघरात यायचंय. नुसतं बघायला नाही, तुमच्यातली व्हायला."

"अगं बाई!" मी म्हटलं, "लोक बाहेर पडायला दार शोधतायत आणि तू आत यायला निघालीस?"

पण ती हट्टी. ग्रंथ वाचून काढला, अर्थ विचारून विचारून माझं डोकं खाल्लं. मला कुठला अर्थ येतोय! आमच्या प्रार्थनाघराचे प्रमुख, ज्यांना सगळी गल्ली आजोबा म्हणते, ते तिच्यावर खूश होते. अडचण एकच. बाहेरून येणाऱ्यासाठी जन्मापासून आत असलेल्या कुणीतरी साक्ष द्यावी लागते. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, "माझी श्रद्धा आहे, आणि हिचीही आहे." साक्ष नाही तर प्रवेश नाही.

"आई, दोन वाक्यं तर बोलायचीत, त्यात काय एवढं?" आमचे चिरंजीव म्हणाले.

"मग तूच बोल की."

"मी? मी आपला नावापुरता."

"आणि मी काय गावापुरती?" मी खेकसले. पण त्या पोरीचं तोंड बघितलं आणि हो म्हणून बसले.

साक्षीच्या सभेच्या आदल्या संध्याकाळी ती इस्त्रीच्या टेबलापाशी ग्रंथ उघडून बसली होती आणि मी तिची प्रार्थना पक्की करून घेत होते. 'जे हरवलं ते तुझ्यापाशी' या ओळीवर मी थांबले, ती मात्र पुढे गेली.

"अगं, इथे थांबायचं असतं."

तिने पानावर बोट फिरवलं. "पुस्तकात तसं काही नाहीये, आई."

"पुस्तकाला काय कळतंय!"

पण मनात पाल चुकचुकली. लहानपणी प्रार्थनाघरात नेमक्या याच जागी सगळे पुढे जायचे आणि आमचं एकटं बाक मागे राहायचं. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर आमचं 'जे उरलं तेही तुझंच' एकटंच ऐकू यायचं, आणि मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, "लाँड्रीवाले राहिले बघा मागे." मला वाटायचं, लोकच घाई करतात मेले.

मी भावाला फोन लावला. तो लांब राहतो, प्रार्थनाघराची पायरी चढून त्याला जमाना झाला. "म्हण रे जरा प्रार्थना," मी म्हटलं. त्याने कुरकुर केली, पण म्हटली. आणि बरोब्बर तिथेच थांबला.

"का थांबलास?"

तो म्हणाला, "अगं, तिथे आई पातेल्याचा तळ खरवडायची ना! तेवढा वेळ गप्प राहायची."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. फोन ठेवला आणि माझं हसू आटलं. म्हणजे जन्मभर मी जिला प्रार्थना समजत होते, ती खळ शिजवायची कृती होती. लोकांना देव मिळाला, मला पातेल्याचा तळ. उद्या कुठल्या तोंडाने म्हणू, माझी श्रद्धा आहे म्हणून? रडूच आलं मला, आणि आईचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघर भरलं होतं. सून नवे कपडे घालून पुढे उभी, मी तिच्या शेजारी.

"तुझी श्रद्धा आहे?" आजोबांनी मला विचारलं.

"आजोबा, खोटं बोलवत नाही," मी म्हटलं. "हिची आहे, शंभर टक्के आहे. माझं मला माहीत नाही. मी प्रार्थना शिकले ती खळ शिजवायला. बाकी मला काही येत नाही."

कुणीतरी खोकलं. मुलगा बुटांकडे बघत राहिला. आजोबा हळूच म्हणाले, "मग साक्ष होत नाही गं, पोरी."

सुनेचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण ती माझ्याकडेच वळली.

"आई, शेवटची खळ कधी शिजवलीत?"

"आता कोण शिजवतंय? तयार बाटल्या येतात, फवारा मारला की झालं. तू यायच्या कितीतरी आधीपासून. पातेलंसुद्धा भंगारात गेलं."

"मग रोज संध्याकाळी मागच्या खोलीत, थंड शेगडीसमोर उभ्या राहून, दोनदा काय म्हणता?"

मग ती आजोबांकडे वळली.

"आजोबा," ती म्हणाली, "मी तेच ऐकून इथवर आले. आधी यांची साक्ष मी देते, मग माझी यांना देऊ द्या."

मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे, पण हे ऐकून घेतलं. आई गेल्यावरही मी त्या शेगडीपाशी उभी राहत होते, आणि का, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. आता सगळे माझ्याकडे बघत होते. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी प्रार्थनाच सुरू केली. बाकांवरून लोक म्हणू लागले. आजोबाही.

'जे हरवलं ते तुझ्यापाशी.'

मी थांबले. सवयच ती. आईचा हात पळीवर दिसला, तळ खरवडल्याचा आवाजही आला. आता सगळे पुढे जातील म्हणून मी मान खाली घातली.

कुणीच पुढे गेलं नाही. आजोबा थांबले होते, सून थांबली होती, सगळं प्रार्थनाघर माझ्यासाठी थांबलं होतं.

मग सुनेने माझा हात धरला, आणि पुढची ओळ आम्ही सगळ्यांनी एकदमच म्हटली.