मिशीवाली पावती

आमच्या नंदगडच्या घरात म्हशीखाली बसते आई आणि दुधाच्या पावतीवर नाव येतं आप्पांचं. धार काढायला म्हशीच्या कुठल्या बाजूला बसायचं हेही आप्पांना ठाऊक नाही. पण दूध संघाच्या सॉफ्टवेअरला एका घरातला एकच माणूस कळायचा आणि तो अर्थातच मिशीवाला.

संघाच्या टिळकवाडीच्या ऑफिसात बसून ते मी बदललं. जी धार काढते तिचं वेगळं नाव नोंदवायची सोय लिहिली. आईला म्हटलं, "दसऱ्याच्या आत तुझ्या नावाची पावती."

"गल्लीतल्या समद्या बायकांस्नी सांगून बसलीया मी, पूर्णिमा. तोंडघशी पाडू नगोस."

सोय तयार, पण चालू करता येईना. गावोगावची आमची दूध घ्यायची सेंटरं एकमेकांच्या नोंदी सांभाळतात. नंदगडची नोंद आणखी दोन गावांत जाऊन बसते, म्हणजे तिथला कॉम्प्युटर मेला तरी नोंद मरत नाही. पण एक जरी सेंटर जुन्या व्हर्जनवर राहिलं, तर त्याला हे नवं नाव कळत नाही. न कळलेलं ते पुसून टाकतं आणि पुसलेली नोंद पुन्हा सगळ्यांना वाटतं. म्हणून सोय चालू करायचा खटकाच असा बसवलेला, की सगळी सेंटरं नवी झाल्याशिवाय उघडायचा नाही.

सगळी झाली. राहिलं निपाणीजवळचं बाबगोंडांचं.

आमचा साहेब विक्रम म्हणाला, "एका म्हाताऱ्यासाठी किती थांबायचं? खटका हातानं उघड."

"आणि त्या मशीननं बायकांची नावं पुसली तर?"

"पुसली तर पुसली. आजवर कुठं होती?"

असलं बोलणारा माणूस सकाळी बायकोच्या हातचा डबा घेऊन आलेला असतो. मी सरळ उठले. निपाणीची बस पकडली.

बाबगोंडांना सेंटरच्या दारातच गाठलं. "आण्णा, संघाचं ऐकायचंच न्हाय असं ठरवलंय काय? रोज नवं व्हर्जन पाठवतोय आम्ही!"

"कवा पाठवताय?"

"रात्री. दुधाची गडबड नसते तेव्हा."

"रात्री?" ते असे ओरडले की घरातून त्यांच्या पत्नी त्रिशलाक्का बाहेर आल्या. "चातुर्मास हाय न्हवं? दिवस मावळायच्या आत दूध घेतो, बत्ती बंद, मशीन बंद. उजेडाला किडं येत्यात आणि मरत्यात. ते पाप कुणाच्या माथी? तुझ्या सायबाच्या?"

माझा राग जागच्या जागी वळला आणि विक्रमच्या दिशेनं चालू लागला. वेळ त्यानंच ठरवलेली. या पट्ट्यातल्या निम्म्या घरांत जैनांचा चातुर्मास पाळतात आणि ऑफिसात एकालाही तो आठवला नाही!

"मग आत्ता सोडू?"

"सोड की! दिवसाढवळ्या सोड. उगंच शिव्या कशाला?"

"शिव्या कुठं दिल्या मी?"

"तोंडावर दिसत्यात, आक्का."

मी मशीनसमोर बसले. त्रिशलाक्कांनी विचारलं, "नवं काय हाय गं त्यात?" सांगितलं. त्या नवऱ्याकडं बघत म्हणाल्या, "मग आमच्या घराचं बी बदल. धार कोण काढतंय?"

बाबगोंडा छताकडं बघत म्हणाले, "बदल बाई. न्हायतर आज जेवाय मिळायचं न्हाय."

चहा संपेपर्यंत मशीन नवी झाली. सगळी सेंटरं एका व्हर्जनवर आली आणि खटका आपोआप उघडला.

ऊन कलतं झालं तसा आईचा फोन आला. "आली गं, आली! अंबुबाई म्हणून आली!" मागून आप्पा ओरडत होते, "आणि माझं नाव कुठं गेलं?" आई फोन न सोडताच म्हणाली, "लाईट बिलावर हाय की अजून! ते भरा जावा."

इकडं सेंटरवर रांग लागलेली. त्रिशलाक्का कॅन घेऊन रांगेतच उभ्या राहिल्या. दूध मोजलं, पावती बाहेर आली. सेंटरची रीत अशी, की पावतीवरचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि मग हातात द्यायची. बाबगोंडांनी पावती बघितली आणि न वाचताच पुढं केली. उभ्या संसारात त्यांनी बायकोला "अगं ए" सोडून हाक मारली नव्हती.

"वाचा की आण्णा," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"घे गं, तुझीच हाय."

"तशी नगं," त्रिशलाक्का हात मागं घेत म्हणाल्या. "समद्यांची वाचता, माझीबी वाचा."

बाबगोंडांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला.

"त्रिशला," ते म्हणाले. मग रांगेतल्या शिट्ट्या थांबल्यावर, कुणी न सांगता, आणखी एकदा म्हणाले.