टिकल्याची खोदाई

आमच्या टिकल्या कुत्र्याला उकरायचं भारी वेड. अख्खं अंगण सोडून पठ्ठ्या एकाच जागी भिडायचा, सासूबाई जानकीबाईंच्या मोगऱ्याशी. आणि मोगरा म्हणजे त्यांचा जीव की प्राण! त्यांनी मिरचीपूड टाकली, काटे रोवले, घसा बसेपर्यंत ओरडल्या. शेवटी हुकूम सुटला, "देवेश, याला वडप्याच्या गोदामावर नेऊन बांध."

देवेश माझा नवरा. २००६ साल होतं, वडप्याला आमचं गोदाम नुकतंच उभं राहिलं होतं. दिवसभर ट्रकांचा धुरळा, त्यात आठ महिन्यांचं पिल्लू साखळीला? पण अंजूरच्या आमच्या घरात सासूबाईंपुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी देवेशने दारात टेम्पो लावला, टिकल्याला दोरी बांधून बाहेर आणलं. पाड्यावरून मजुरीला येणारी सोमी कुंपणाच्या काठ्या बांधत होती. ती उठली, खड्ड्यातली चिमूटभर माती हुंगली आणि मला म्हणाली, "वहिनी, कुत्रा शाना हाय."

"शहाणा? मुळं उघडी पाडलीत त्याने!"

सोमीने तिथली दोन ओंजळी माती टेम्पोजवळच्या नारळाखाली टाकली आणि दोरी सोडायला सांगितली. त्या नारळाकडे टिकल्याने आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता सरळ तिथे जाऊन उकरायला लागला.

"काकी, म्हावऱ्याचं पानी कुठं वतता?" सोमीने विचारलं.

सासूबाईंची नजर मोगऱ्याकडे गेली. मासळी धुतलेलं पाणी झाडाला घालायची आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मोगऱ्याला रोज कोलंबीचं नाहीतर बोंबलाचं पाणी मिळायचं, म्हणून तर तो तसा फुलायचा! खड्ड्यात खायला काही निघत नव्हतं, म्हणून आम्ही कुत्र्यालाच वेडा ठरवलं. आम्ही सगळे शिकलेसवरलेले, आणि कळलं ते सोमीला. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला.

"वासाची माती काढून टाका," ती म्हणाली. "पानी कुंपनाभायेर वता. अन् त्याला सावलीत थोडी रेती द्या उकराया. पोर हाय त्ये, खेळंल."

सगळे सासूबाईंकडे बघत राहिलो. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःची चूक कबूल केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. इथे तर समोर मजूरबाई उभी. त्या खाली बसल्या आणि टिकल्याच्या नाकावरची माती पदराने पुसली.

"टेम्पो रिकामाच ने रे," त्या देवेशला म्हणाल्या. "कुत्र्याची चूक न्हाय. माजी हाय."

मला रडूच फुटलं. आधी सोमीच्या पाया पडावं की सासूबाईंच्या, तेच कळेना.