मासळीच्या जीपची वरात

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. असं म्हटलं की ऐकणारे हसतात, कारण त्यांच्यासमोर उभी असते लांब नाकाची, पितळी दिव्यांची, लाल गादीची राजेशाही मोटार. पण तुम्ही जरा खाली वाका. आणखी वाका, गुडघे मळले तर मळू द्या. माझ्या पोटाखाली तो काळा, जाड, दोन ठिकाणी जोड दिलेला सांगाडा दिसतो ना, ती मी. बाकीचं सगळं नंतर अंगावर चढलं. कसं चढलं ते सांगते, पण भरभर सांगते. एका जागी उभं राहून बोलणं मला कधी जमलेलं नाही.

ही घाई मला बर्फाने लावली. पालघर तालुक्यात समुद्राकाठी दातिवरे नावाचं गाव आहे. तिथल्या दामूने मला घेतलं तेव्हा मी नवी नव्हते, पण धडधाकट होते. मागे पत्र्याचा हौदा, त्यावर ताडपत्री. होड्या काठाला लागल्या की टोपल्या माझ्यात चढायच्या, वर फोडलेला बर्फ पडायचा आणि आम्ही निघायचो. एडवण, केळवे, पालघर करत बोईसर गाठायचं. माणसं एकमेकांसाठी थांबतात, बर्फ कुणासाठी थांबत नाही. मागे टपटप सुरू झाली की शेजारी बसलेली दामूची बायको हिरा ओरडायची, “अवो, पानी सुटलं! दाबा जरा!” आणि दामू दाबायचा. खड्डा बघायचा नाही, वळण बघायचं नाही. मला ते फार आवडायचं, हे कबूल करते.

सरावलीत कारखान्यांच्या कामगारांच्या चाळी आहेत. तिथे पोचलो की दामू हॉर्न वाजवायचा. त्यात कधीतरी पाणी गेलं होतं, त्यामुळे तो आधी म्हशीसारखा लांब हंबरायचा आणि मग दोन उचक्या द्यायचा. तशी उचकी दुसऱ्या कुठल्या गाडीला लागत नव्हती. ती ऐकली की दारं उघडायची, बायका टोप आणि ताटल्या घेऊन धावत यायच्या. “हिरा, कोलंबी हाय का गो?” “हिरादीदी, आज बोंबील लायी क्या?” एवढ्या आतुरतेने वाट बघितली जाणारी गाडी अख्ख्या बोईसरात नव्हती. मी फुशारकी मारत नाही, चाळीत कुणालाही विचारा.

दामूची एक सवय होती. घरी परतलं की तो विहिरीचं गोडं पाणी आणून माझं पोट धुवायचा. वरचा पत्रा कसाही राहिला तरी चालेल, पण पोट रोज धुतलं जायचं. “खारं पानी खालनं खातंय,” असं म्हणून तो गोणपाटावर आडवा व्हायचा आणि माझ्या खाली शिरायचा. म्हातारपणी त्याचे गुडघे दुखू लागले, तरी शिरायचा.

त्यांचा मुलगा निमेश तारापूरच्या एका कारखान्यात पत्र्याची कामं करायचा. हात चांगला होता त्याचा. एक दिवस कारखान्याला टाळं लागलं आणि निमेश घरी बसला. बसला म्हणजे काय, दारातून परसात आणि परसातून दारात फेऱ्या मारत राहिला. त्याची ती तगमग मला कळायची. मीही तशीच आहे.

मग कुणाच्या तरी लग्नात त्याने वरातीची गाडी पाहिली. जुन्या जमान्यातल्या मोटारीसारखी दिसणारी, पण आतून कुठल्यातरी जुन्या गाडीचीच हाडं असलेली. घरी येऊन तो बापाला म्हणाला, “बाबा, अशी वरची बॉडी मिळते तयार, फायबरची. खाली आपली जीप घालायची. लांबून मागवतात लोक ही गाडी. इथं कोनाकडं नाय.”

“आनि मी मासली कशात नेऊ?” हिराने विचारलं.

 सगळ्यांना ठाऊक होतं की घराची चूल माझ्यावर पेटते. जीप मोडली आणि मोटार चालली नाही, तर हेही नाही आणि तेही नाही. पण मुलाचं तोंड बघवत नव्हतं. शेवटी दामूने एकच अट घातली. “आपल्या घरात होडी नवी केली तरी जुनीची येक फली तिच्यात घालतात. माज्या बानं घातली, मी घातली. तुजी गाडी तू कर. पन हॉर्न हाच ठेव.”

निमेशने बेटेगावला एक शेड भाड्याने घेतली. तिथे माझी चिरफाड झाली. मित्रांनो, ते दिवस मला आठवायलाही नकोत. ग्राइंडरने हौदा कापला, दारं गेली, ताडपत्री गेली. इंजिन साखळीवर चढवून एका कोपऱ्यात ठेवलं, चाकं दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मी मध्येच विटांवर. जिने आयुष्यभर बर्फाशी शर्यत लावली तिला विटांवर ठेवलं! शेडसमोरून टेम्पो गेला की माझ्या हाडांना कापरं भरायचं. वाटायचं, आत्ता कुठेतरी कोलंबी उतरत असेल आणि मी इथे आहे.

एका वेल्डरने माझ्या पोटावर हातोडी मारून पाहिली. गंजाचे पोपडे खाली पडले. “निमेशभाई, नीचे से खा गया है. पहले ये साफ करो.”

“बाद में,” निमेश म्हणाला. त्याने नव्या पट्ट्या जोडून घेतल्या, वरून काळा रंग मारला आणि गंज आत तसाच राहिला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी त्याची गत. त्याला कधी एकदा पितळी दिवे लावतो असं झालं होतं. लांब नाक बसलं, फुगीर मडगार्डं बसली, पाय ठेवायला लाकडी फळी आली, लाल रेक्झिनची गादी आली. रेडिएटरपुढे त्याने नक्षीची पितळी जाळी ठोकली. दिसायची झकास, पण वाऱ्याला आत यायला वाट नव्हती. दामू बघायला आला तेव्हा जाळीसमोर हात धरून म्हणाला, “हिला वारा लागत नाय रे.” निमेश तेव्हा दिवे पुसत होता.

हॉर्न मात्र त्याने ठेवला. बापाला शब्द दिला होता म्हणून स्टिअरिंगच्या चाकाखाली, दिसणार नाही असं त्याचं बटण लपवून ठेवलं. वर लोकांसाठी रबरी भोंगा लावला, पों पों करणारा. कागदपत्रांसाठी त्याने ज्या चकरा मारल्या त्या मी सांगत बसत नाही, माझा आधीच बराच वेळ गेला.

मग त्याने एक थाप मारली. मी कुठल्याशा राजाच्या तबेल्यातली गाडी आहे, असं तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. पहिलं काम बोईसरच्या एका मोठ्या शेठचं मिळालं. मुलगा मेहुल, नवरी जागृती. घर असं की स्वयंपाकघरात अंडंसुद्धा गेलेलं नाही. शेठ खूश झाले तर त्यांच्या साऱ्या गोतावळ्यातली लग्नं मिळणार होती. नाहीतर निमेश काम शोधायला परमुलखात जाणार हे ठरलेलं. आदल्या दिवशी तो आईला म्हणाला, “आये, उद्या तू सरावलीच्या नाक्यावर बसू नको. वरात तिथनंच जाईल.”

हिरा आता माझ्याविना थर्माकोलची पेटी रिक्षात घालून आणायची आणि नाक्यावर बसायची. ती नुसती “बरं” म्हणाली. पण मासळी तर येऊन पडली होती, ती काही लग्न आहे म्हणून ताजी राहणार नव्हती. ती नाका सोडून आतल्या गल्लीत जाऊन बसली.

वरात निघाली. मला फेटा बांधला, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या, मागे मेहुलला बसवलं आणि सांगितलं, चाल! चालायचं म्हणजे किती, तर पाच पावलं. मग थांबा, पोरं नाचणार. मग आणखी चार. माझा जीव वर-खाली होऊ लागला. मी अशी कधी चाललेच नव्हते. इंजिन आतल्या आत गुरगुरत होतं, जाळीतून वाऱ्याची झुळूक येत नव्हती, उष्णता दाखवणाऱ्या काट्याने केव्हाच वर जायला सुरुवात केली होती. निमेश एक डोळा त्या काट्यावर ठेवून घाम पुसत होता.

सरावलीच्या नाक्यावर एक रिक्षा आडवी आली. निमेशने भोंगा दाबला. पों पों. बँडच्या आवाजात तो कुणाला ऐकू जाणार! पुन्हा दाबला. काटा लाल रेघेला टेकत होता, निमेशचा धीर सुटला आणि त्याचा हात चाकाखालच्या बटणावर गेला.

मी हंबरले. लांब, अगदी पोटातून. आणि मग दोन उचक्या दिल्या.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. चाळींची दारं धडाधड उघडली. टोप, ताटल्या, एकीच्या हातात तर कणीक लागलेली परात. सगळ्या धावत आल्या आणि समोर फेटा बांधलेली मोटार बघून जागच्या जागी उभ्या राहिल्या. बँडवाले वाजवायचे थांबले. “अगो, मासली कुठं हाय?” कुणीतरी विचारलं.

शेठ पुढे आले. “निमेशभाई, हे काय? या बायका काय मागतात?”

गल्लीच्या तोंडाशी हिरा येऊन उभी होती. तिला यायचं नव्हतं हो. पण इतक्या वर्षांची सवय, हॉर्न ऐकला की पाय आपसूक निघतात. परातवालीने तिला पाहिलं. “हिरा, तुजीच गाडी ना ग ही? हॉर्न तर तोच!”

सगळे हिराकडे बघू लागले. हिराने निमेशकडे बघितलं. निमेश समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होता, जणू तिथे काही फार महत्त्वाचं चाललं होतं.

“नाय ग बाय,” हिरा हसून म्हणाली. “माजी गाडी अशी असल काय? ही राजाची गाडी हाय.” आणि ती मागे वळली.

मित्रांनो, लोक म्हणतात की रेडिएटरला वारा लागत नव्हता म्हणून मी उकळले. असेल. मला एवढंच आठवतं की ज्या बाईने मला सांभाळलं तिने मला ओळखत नाही म्हणून सांगितलं, आणि तेही माझ्या नव्या रूपाला डाग लागू नये म्हणून. माझ्याने ते सोसवलं नाही. नाकातून वाफेचा लोट निघाला, एक हिसका बसला आणि मी बंद पडले. फेट्यासकट, झेंडूसकट.

गोंधळ उडाला. लग्नाची घटिका जवळ आलेली. नवरदेव चालत जातो म्हणाला तर त्याची आत्या रडू लागली. निमेशने बॉनेट उघडलं, हात पोळला, कुणी पाण्याची बाटली दिली ती ओतली, तेवढ्याने काय होणार! शेठ घड्याळ बघत होते. “राजाची गाडी म्हणे,” ते पुटपुटले.

निमेशने मान वर केली. गल्लीत हिराची पाठ दिसत होती. तो सगळ्या वरातीला ऐकू जाईल असा ओरडला, “आये!”

हिरा थांबली.

“आये, पेटी आन! बर्फ आन!”

ती धावत पेटी घेऊन आली, पण जवळ येऊन थबकली. हळूच म्हणाली, “आरं, वास येल रे. मासलीचा बर्फ हाय.”

“येऊ दे,” निमेश म्हणाला.  मग शेठकडे वळून म्हणाला, “शेठ, ही माजी आय. गाडी हिचीच हाय. मासलीची गाडी हाय. राजाचं खोटं सांगितलं मी.”

मग ती पितळी जाळी त्याने दोन्ही हातांनी उपटून काढली. हिराने ओलं गोणपाट माझ्या रेडिएटरवर टाकलं आणि वर बर्फ थापला. काय सांगू तुम्हाला! चर्र आवाज झाला, वाफ उठली आणि बोंबलाचा वास साऱ्या वरातीवर पसरला. आत्याने नाकाला पदर लावला. शेठ चार पावलं मागे सरले. चाळीतल्या बायकांनी परात-टोपांतून पाणी आणून देणं चालू केलं. गादीवर बसलेला मेहुल आधी खोकला, मग हसू लागला. “पप्पा, वास उद्या जाईल. मुहूर्त उद्या येणार नाही. बसू द्या मला इथेच.”

काटा उतरला. निमेशने किल्ली फिरवली. मी सुरू झाले. आणि या वेळी त्याने मला चालवलं नाही, दाबलं. नाचणारी पोरं धावत मागे आली, बँडवाले ढोल सावरत धावले आणि आम्ही मांडवात वेळेवर पोचलो.

शेठच्या गोतावळ्यातलं एकही लग्न नंतर मिळालं नाही. ते मिळालं असतं तर गोष्ट जरा गोड झाली असती, पण मी खोटं कशाला सांगू? मात्र सरावलीच्या चाळींतून बोलावणी येतात, दातिवऱ्यातून येतात. आधी विचारतात, हॉर्न तोच हाय ना? निमेश परमुलखात गेला नाही. त्याने माझ्या मागच्या डिकीला आतून पत्रा मारून घेतला आहे. लग्न नसेल त्या दिवशी तिच्यात बर्फ आणि टोपल्या चढतात. राजेशाही मोटारीतून कोलंबी विकायला येणारी हिरा तुम्ही बघायलाच हवी.

त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणात उभी होते. निमेश पितळी दिवे पुसायला फडकं घेऊन आला. मग थांबला. विहिरीवरून पाणी आणलं, गोणपाट अंथरलं आणि माझ्या पोटाखाली शिरला. गंजाचे पोपडे खरवडता खरवडता त्याच्या डोळ्यांत जात होते, की आणखी काही होतं, ते मला वरून दिसलं नाही. ओट्यावर दामू बसला होता. तो एवढंच म्हणाला, “मागच्या जोडाखाली बघ. तिथं जास्त खातंय.”

मित्रांनो, तुमच्या घरीही काहीतरी असेल, किंवा कुणीतरी, ज्याच्या जिवावर तुमचं सगळं उभं आहे. वरचा रंग पुसायला सगळेच येतात. तुम्ही कधीतरी खाली वाका, गोडं पाणी घ्या, पोट धुवा. आणि चार लोकांत त्याला हाक मारायची वेळ आली, तर मोठ्याने मारा.

झालं माझं सांगून. आता बाजूला व्हा. मागे पाणी सुटलंय.